ब्लॉक सुटल्यावर

शनिवारच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट असते. रविवारी मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत, कोणत्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. माटुंगा ते मुलुंड, अप जलद की डाउन धीमा; कुर्ला ते वाशी; पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. कुणाच्या साखरपुड्याला जायचं असतं, कुणाला नाटकाचा प्रयोग गाठायचा असतो, म्हणून मुंबईची माणसं ही चौकट वाचतात. आमच्या घरात मी ती मोठ्यानं वाचायची आणि वाचून झाली की आई एवढंच विचारायची, "म्हंजे जेवण किती वाजता?"

अण्णा मध्य रेल्वेत गँगमन होते. पुढे त्या कामाचं कागदावरचं नाव बदलत गेलं. गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. हातातली पहार तीच राहिली. ब्लॉकच्या रविवारी सकाळी अंधारातच ते कल्याणच्या क्वार्टरमधून बाहेर पडायचे आणि संध्याकाळी पाचच्या पुढे परतायचे. त्यानंतर ते स्वयंपाक करायचे. हात-तोंड धुऊन, चहा घेऊन, पाटावर बसून आमच्या चौघांचं जेवण रांधायचे. आमच्या घरचं रविवारचं दुपारचं जेवण संध्याकाळी साडेसहाला व्हायचं आणि तोवर घरात कुणी जेवायचं नाही.

लोकलचा रूळ आठवडाभर मोकळा सापडत नाही. शेवटची गाडी गेली की पहाटेची पहिली येईपर्यंत जेमतेम तीन-चार तास मिळतात. त्यातच वरच्या वायरची वीज बंद करायची, सामान आणायचं, काम करायचं आणि वेळेआधी सगळं आवरून रूळ गाडीला चालेल अशी खात्रीही द्यायची. रूळ बदलणं, जुने स्लीपर काढून नवे सरकवणं, खडी उपसून चाळून पुन्हा भरणं ही कामं एवढ्या वेळात होत नाहीत. त्यांना दिवसाउजेडी सलग चार-पाच तास लागतात आणि ते रविवारीच मिळतात, कारण त्या दिवशी ऑफिसं बंद असतात, गर्दी कमी असते. शहराला सुट्टी असते म्हणूनच या माणसांना काम असतं. ६० किलोचा रूळ म्हणजे एका मीटरला ६० किलो. १३ मीटरचा एक तुकडा ७८० किलोंचा भरतो. मुकादमानं आवाज दिला की एका दमात तो उचलायचा, सरकवायचा, बसवायचा. दोन रुळांच्या सांध्यावर साचा बांधून थर्मिटची भुकटी पेटवली की धातूचा रस अडीच हजार अंशांच्या आसपास तापतो. वर मे महिन्याचं ऊन. अण्णांच्या उजव्या कानामागे एक पांढुरका डाग होता, तो अशाच एका ठिणगीचा.

रविवारची सुट्टी या मुंबईत फुकट मिळालेली नाही. गिरण्यांमध्ये सातही दिवस काम चालायचं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगतात. अण्णा युनियनच्या सभांना जायचे. लोखंड्यांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं, शाळेत नव्हे. त्यांचा स्वतःचा रेस्ट मात्र ब्लॉक आला की दुसऱ्या कुठल्यातरी वारी जायचा. बुधवारी मिळालेल्या रेस्टचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना नेहमी पडायचा. आम्ही शाळेत आणि आई शिवणाच्या क्लासला, मग ते रिकाम्या घरात एकटे बसून असायचे. बुधवारी ते कधी काही रांधत नसत. सकाळचं झाकून ठेवलेलं खायचे आणि झोपायचे.

रविवारी दार वाजलं की आई उठून पाणी काढायची. अण्णा दारातच बूट उतरवायचे, मोजे झटकायचे. त्यातून खडीची बारीक कच पडायची. हातांना वंगण आणि गंजाचा काळा थर असायचा. आधी रॉकेलचा बोळा, मग कपड्यांचा साबण, मग नारळाची शेंडी. तरी तळहाताच्या भेगांमध्ये काळ्या रेषा राहायच्याच. त्या निवृत्तीनंतर वर्षा-दोन वर्षांनी कुठे फिकट झाल्या. अंगावर पाणी घेऊन, धुतलेला लेंगा आणि बंडी घालून ते स्वयंपाकघरात आले की त्यांचं आणि आईचं ठरलेलं बोलणं व्हायचं.

"आवं, जरा हातपाय पसरा की. मी करती."

"तू बस. आज माझा नंबर हाय."

नंबर हा शब्द खोलीवरचा. अण्णा मुंबईत आले ते १९७३ मध्ये, माण तालुक्यातून. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावची विहीर तळाला गेली, गुरं छावणीत गेली आणि माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. अण्णा, त्यांची आई, त्यांचा मोठा भाऊ, तिघंही. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. त्या भाकरीची चव अण्णांना मरेपर्यंत विसरता आली नाही आणि तिच्याबद्दल ते कधी चांगलं बोललेही नाहीत. घरात जुनं म्हणून काही उरलं असेल तर गाडग्याच्या उतरंडीत राखेत घोळून ठेवलेले हुलगे. हुलगा म्हणजे कुळीथ. हलक्या, मुरमाड रानात, दोन पावसांवर येणारं कडधान्य. आमच्याकडे तो शिजवून बैलांनाही घालतात. त्या वर्षी बैल छावणीत होते आणि हुलगे माणसांनी खाल्ले. माझी आजी दिवसभर खडी फोडून यायची आणि जात्यावर मूठ-मूठ हुलगे दळून कधी माडगं करायची, कधी शेंगोळ्या. कामावरून जो आधी येईल त्यानं चूल पेटवायची, एवढाच त्या घरातला नियम होता. बाई की गडी, हा प्रश्न त्या वर्षी कुणी विचारला नाही. अण्णा शेंगोळ्या करायला शिकले ते तेव्हा, अठरा-एकोणीस वर्षांचे असताना.

कल्याणला आल्यावर गावाकडच्या नऊ जणांच्या एका खोलीत त्यांनी दिवस काढले. तिथे रांधायचे नंबर लावलेले असायचे. पुढच्याच वर्षी, १९७४ च्या मे महिन्यात, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशभरचा संप झाला. ८ मेला सुरू झाला आणि २७ तारखेला मागे घेतला गेला. हजारो कामगारांना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अण्णा तेव्हा रोजंदारीवर होते. संपात उतरायचं तर पोटावर पाय, न उतरायचं तर खोलीतल्या माणसांना तोंड कसं दाखवायचं? ते उतरले. त्या तीन आठवड्यांत खोलीत गावाहून आणलेलं हुलग्याच्या पिठाचं गाठोडं तेवढं होतं. अण्णा सांगायचे, "आळीपाळीनं नऊ जणांनी शेंगोळ्या केल्या, आन् नऊ चवी झाल्या."

त्यांची स्वतःची चव मला पाठ आहे. हुलग्याचं पीठ कच्चं दळलेलं, त्यात मूठभर ज्वारीचं पीठ आणि थोडी कणीक, म्हणजे शेंगोळी पाण्यात फुटत नाही. पाट्यावर लसूण, जिरं, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे देठ खसखसून वाटायचे. वाटणातलं अर्धं पिठात, अर्धं फोडणीत. हळद, तिखट, मीठ, चमचाभर कच्चं तेल. पीठ घट्ट मळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी घट्ट. अण्णांचे हात त्याच कामाचे होते. मग लिंबाएवढा गोळा घेऊन, हाताला तेल लावून, तो उलट्या परातीवर पुढे-मागे वळायचा. करंगळीएवढी जाड वळी झाली की दोन्ही टोकं जुळवून कडं करायचं आणि जोडावर अंगठा दाबायचा. अण्णांच्या उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी रुळाखाली चेमटलं होतं. ते पुन्हा आलं ते वाकडं आणि रुंद. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शेंगोळीच्या जोडावर एक रुंद, तिरका ठसा असायचा. शिजल्यावरही तो दिसायचा. माझा भाऊ आणि मी ताटातल्या शेंगोळ्या पालथ्या करून तो ठसा शोधायचो आणि ज्या शेंगोळीवर नीट उमटला असेल ती शेवटी खायचो.

पातेल्यात तेल, मोहरी, ठेचलेला भरपूर लसूण. लसूण तांबूस झाला की उरलेलं वाटण, मग पाणी. त्या पाण्यात पिठाचा एक गोळा कालवून सोडायचा, रस त्यानं दाटतो. पाणी खळखळून उकळल्याशिवाय शेंगोळ्या टाकायच्या नाहीत, आणि टाकल्यावर लगेच ढवळायचं नाही. अण्णा झाकण ठेवून पातेल्याजवळ बसून राहायचे आणि ऐकायचे. रुळावर हातोडा मारून नुसत्या आवाजावरून सांधा ढिला आहे का ओळखणाऱ्या जुन्या कीमनसारखे ते उकळीचा आवाज ऐकायचे. आधी नुसत्या पाण्याचा उथळ आवाज येतो. मग पीठ रसात उतरायला लागतं तसा तो खाली जातो. "आवाज जड झाला का बघ," ते मला म्हणायचे. मी कान लावायची. जड झालेला आवाज म्हणजे काय हे मला त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही, फक्त दर वेळी ऐकायला लावलं. आज मला तो ओळखता येतो.

तोवर आई भाकऱ्या थापायची. ती तेवढं स्वतःकडे ठेवायची, अण्णांना ते जमायचंही नाही. एका शेगडीवर पातेलं, दुसरीवर तवा, दोघं शेजारी-शेजारी, आणि बोलणं ब्लॉकचं. आज कुठे होतो, किती स्लीपर बदलले, कोण चक्कर येऊन बसला, कुणाच्या डब्यात काय होतं. आम्ही दोघं भुकेनं अर्धमेले. आईनं दुपारी चुरमुरे, शेंगदाणे, कधी गूळ-पोळीचा तुकडा दिलेला असायचा, पण ताट वाढलेलं नसायचं. कॉलनीतल्या इतर घरांतली मुलं बाराला जेवून, झोपून, खेळायला बाहेर पडलेली असायची आणि त्यांच्या आयांना आमचं हे थांबणं पटायचं नाही. लेकरांना उपाशी कशाला ठेवता, असं शेजारच्या काकूंनी आईला तोंडावर विचारलं होतं. आईनं उत्तर दिलं, "त्यांचं रविवारचं दुपारचं जेवान आमच्याबरूबर व्हतं, एवढंच." ती शिकलेली नव्हती. पण ज्या माणसाची रविवारची दुपार नोकरीनं घेतली, त्याच्यासाठी ती दुपारच पुढे सरकवायची, हे तिनं स्वतःच्या डोक्यानं ठरवलं होतं. मी पुढे बरंच शिकले. इतकं साधं आणि इतकं पुरतं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

लहानपणी मला वाटायचं, अण्णा आईला मदत म्हणून रांधतात. कॉलनीतही तसंच बोललं जायचं, कौतुकानं आणि कधी टोमण्यानं. आता मला ते पटत नाही. मदत करणारा माणूस दुसऱ्याचं काम हलकं करतो आणि बाजूला होतो. अण्णा ते काम स्वतःचं म्हणून मागून घ्यायचे. दिवसभर त्यांनी ज्या लाखो लोकांसाठी रूळ बसवलेला असायचा, त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांना माहीत नसायचा. त्या लोकांनाही अण्णा माहीत नसायचे. ते ब्लॉकला शिव्या द्यायचे आणि फलाटावर तासभर ताटकळलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. घरी आल्यावर त्यांना एक काम असं करायचं असायचं, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या हातात असेल आणि ज्याचं माणूस समोर बसलेलं असेल. दमलेल्या माणसानं आडवं व्हावं हे खरं. पण नुसतं आडवं होऊन रविवार संपला असता, तर तो सगळाच्या सगळा रेल्वेचा झाला असता.

वयाची साठ वर्षं झाल्यावर २०१४ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची १५०० व्होल्टची जुनी डीसी वीज जाऊन २५ हजार व्होल्टची एसी वीज पूर्णपणे आली. अण्णांनी ती बातमी मला दोनदा वाचून दाखवायला लावली. क्वार्टर सोडून आई-अण्णा कल्याणलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. मी तोवर एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले होते. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने तपासायचे. तिथे रविवार असा नसतोच, ड्युटी लागली की जायचं. दुपारी सुटले की मी सासरी ठाण्याला न उतरता कधीकधी तशीच कल्याणला जायची. अण्णा पातेलं चढवून बसलेले असायचे. आता थांबायची पाळी त्यांची होती.

गँगवर तंबाखू सगळेच मळतात. रात्रीची झोप मारायला, भूक मारायला, नुसतं बोलायला. अण्णांच्या गालात आतून एक चट्टा आला, त्याची जखम झाली, आणि परळच्या कॅन्सरच्या रुग्णालयात जाईपर्यंत ती जबड्यापर्यंत पोचली होती. तपासणीचा कागद मी आधी वाचला. मी रोज असे कागद लोकांच्या हातात जाताना बघते. ऑपरेशन झालं, जबड्याचा डावा भाग काढला, मग रेडिएशन. बोलणं जवळजवळ गेलं. नाकातून पोटात नळी घातली आणि सगळं अन्न त्या नळीतून सुरू झालं.

नळीतून काय द्यायचं त्याचा तक्ता मिळाला होता. दूध, पावडर, पातळ खिमट, डाळीचं पाणी, फळांचा रस, सगळं गाळून. मी आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, हुलग्याचं माडगं चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, पण अगदी पातळ हवं, कण राहता कामा नये. मग आई आणि मी हुलग्याचं पीठ मंद भाजून, पाण्यात कालवून, गूळ आणि चिमूटभर सुंठ घालून माडगं करायचो आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचो. मोठी सिरिंज नळीला लावून वर धरायची, दट्ट्या काढलेला, म्हणजे माडगं आपल्या वजनानं सावकाश उतरतं. अण्णा त्या उतरणाऱ्या पातळीकडे बघत राहायचे. जिभेला काहीच लागत नव्हतं. दुष्काळात ज्या माडग्यानं त्यांना जगवलं, तेच आता त्यांच्या जिभेला न शिवता पोटात जात होतं. आई त्या वेळी खोलीत थांबायची नाही.

त्या दिवसांतला एक रविवार मी तपशिलानं सांगणार आहे. माझी सकाळची ड्युटी होती. कल्याणला पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. अण्णा खाटेवर नव्हते; स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर टॉवेल, समोर स्टुलावर उलटी परात, परातीवर पिठाचा गोळा. आई अवघडून उभी. "सकाळपासनं पाटीवर त्येच लिवत्यात," ती म्हणाली. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांना पाटी आणली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'शेंगोळ्या. तुम्ही जेवायचं.'

मी काही बोलले नाही. हात धुऊन वाटण वाटायला बसले. अण्णांनी वळायला सुरुवात केली. हातातली ताकद गेली होती. वळी मधेच तुटायची, ती ते पुन्हा मळून घ्यायचे. नळी एका नाकपुडीला चिकटपट्टीनं लावलेली आणि डोक्याला रुमाल. कडं जुळवून त्यांनी जोडावर अंगठा दाबला. आधीसारखा जोर नव्हता, तरी ठसा उमटला. मी फोडणी टाकली. दुसरी नाकपुडी मोकळी होती. त्यांनी हातानं खूण करून मला थांबवलं, पाटी ओढली आणि लिहिलं, 'लसूण वाढव.' जिभेनं गेलेलं त्यांना वासानं कळत होतं. मी आणखी चार पाकळ्या ठेचून टाकल्या तेव्हा त्यांनी मान हलवली.

पाणी उकळलं, शेंगोळ्या टाकल्या, झाकण ठेवलं. घरात कुणी बोलत नव्हतं. थोड्या वेळानं अण्णांनी माझ्याकडे बघून पातेल्याकडे बोट केलं. मी ऐकलं. आवाज जड झाला होता.

भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा आले होते. आम्ही सगळे अण्णांच्या समोर जेवलो, कारण त्यांना तसंच हवं होतं. आईच्या घशाखाली घास उतरेना. तिनं भाकरीचा तुकडा रसात बुडवून तसाच धरला होता. अण्णांनी परातीवर बोट आपटून तिला खुणावलं, खा. ती जेवली. मुलानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा अण्णा त्या रोगाच्या पूर्ण काळात पहिल्यांदा मोकळेपणानं हसले; अर्धवट जबड्याच्या तोंडानं, डोळ्यांनीच जास्त. मग त्यांची सिरिंजची वेळ झाली. त्या दिवशी पहिल्यांदाच आई खोलीतून उठून गेली नाही.

श्रावण लागायच्या आत ते गेले. दहावा गावी माणगंगेच्या काठी केला. पानात इतर पदार्थांबरोबर आईनं शेंगोळ्या ठेवल्या. भटजींनी काय ते विचारलं, आणि तिनं एवढंच सांगितलं की त्यांच्या आवडीचं आहे.

आता आई गावी भावाच्या जुन्या घरात राहते. हुलगे ती करत नाही. मी गेले आणि म्हटलं की ती पीठ काढून देते, पण स्वतः हात लावत नाही. आणखी एक गोष्ट बदलली, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. एवढी वर्षं रविवारी संध्याकाळच्या साडेसहापर्यंत थांबलेली ही बाई आता रविवारीही बाराच्या ठोक्याला जेवते. साखरेच्या गोळ्या असतात, जेवण वेळेवर लागतं, हे कारण खरंच आहे. पण तिचं ताट बाराला वाढलेलं बघितलं की अण्णा गेल्याचं मला पुन्हा नव्यानं कळतं. फोटोला हार घालताना तसं होत नाही.

रविवारच्या ड्युट्या मला अजून लागतात. ब्लॉक असला की परतीची गाडी धीम्या मार्गावरून रखडत येते. खिडकीतून शेजारच्या बंद रुळावर केशरी जाकिटं घातलेली माणसं दिसतात. वायरच्या खांबांना त्यांचे डबे कापडी पिशव्यांतून टांगलेले असतात, कुत्र्यांनी ओढू नयेत म्हणून. आता यंत्रं पुष्कळ आली. खडी दाबायला यंत्र आहे, रूळ उचलायला आहे. तरी पहारी दिसतातच, आणि पाठीही. डब्यात कुणी चिडून बोललं तर मी उत्तर देत नाही. मी त्या पिशव्या बघते आणि यांच्या घरी कोण थांबलं असेल, याचा विचार करते.

पहिल्या पहिल्यांदा मी घरी पोचले की माझा नवरा काळजीनं म्हणायचा, "दमून आलीस, बाहेरून काहीतरी मागवू." लेक जेवून मोकळी झालेली असायची. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण दिवसभर मी ज्यांचं रक्त तपासलं ते माझ्यासाठी नळीवर चिकटवलेले नंबर होते. घरी येऊन पुन्हा कुणा अनोळखी माणसानं रांधलेलं, दारात आलेलं खोकं उघडायचं, हे मला नको होतं. मी त्याला अण्णांचं सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी मी आले तेव्हा दोघं जेवायचे थांबले होते, आणि कांदा-लसूण सोलून ठेवला होता. नेहमी शेंगोळ्या होतात असं नाही. कधी पिठलं, कधी मुगाची खिचडी, उन्हाळ्यात कैरीची आमटी. करते मी. माझ्या अंगठ्याचा ठसा लहान आहे, आणि तो कुणी शोधत नाही.

तुमच्या घरातलं कुणी रविवारी कामावर जात असेल, हॉस्पिटलात, एसटीवर, पोलीस ठाण्यात, पेपरच्या कचेरीत, रुळावर, तर त्या दिवशी त्यांच्यासाठी जेवायचे थांबा. मुलांना चुरमुरे द्या, पण ताटं मांडू नका. आणि आल्यावर त्यांना स्वतः रांधावंसं वाटलं, तर तुम्ही दमलात, बसा, असं म्हणून त्यांना उठवू नका. लसूण सोलून द्या, भाकरी टाका, शेजारी उभे राहा. पातेलं त्यांच्याकडे राहू द्या.